केरीची आडवी रेघ

गोव्यात केरी तीन आहेत. एक आमची, पेडणे महालातली, तेरेखोलची नदी समुद्राला मिळते त्या तोंडावरची. दुसरी सत्तरीतली, अंजुणे धरणाच्या काठची, चोर्ला घाटाची चढण लागण्याआधीची. तिसरी फोंड्याची, श्री विजयादुर्गेची. बाहेरच्या माणसाला हा घोटाळा वाटतो, आम्हाला नाही. कारण आमच्याकडे त्यावर एक उपाय आहे. उपाय म्हणजे काय, तर एक आडवी रेघ. केरी-पेडणे, केरी-सत्तरी, केरी-फोंडा. गोव्यातले कुठलेही मराठी वर्तमानपत्र उघडा, गावाच्या नावापुढे ही रेघ आणि रेघेपुढे तालुका. घाटावरचे लोक 'मु. पो. अमुक, ता. तमुक' असे लिहितात. आम्ही एका रेघेत भागवतो. हे कुणी शिकवल्याचे मला आठवत नाही, शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकातही नव्हते. तिथे संयोगचिन्ह म्हणजे 'प्रेम-विवाह' आणि ओळीच्या शेवटी शब्द तुटला तर काढायची रेघ, एवढेच.

आता याच केरीच्या धक्क्यावर उभे राहा. फेरीबोट लागलेली असते. ती 'केरी-तेरेखोल' फेरीबोट. रेघ तीच, लांबीही तीच, पण इथे तिचा अर्थ 'तेरेखोलमधली केरी' असा नाही. मध्ये एक आख्खी नदी आहे. ही रेघ ओलांडायला बोटीत बसावे लागते. म्हणजे एकच चिन्ह एका ठिकाणी सांगते की हे गाव त्या तालुक्याच्या पोटात आहे आणि दुसऱ्या ठिकाणी सांगते की इथून निघा आणि तिथे पोचा. आपण वाचताना कधी अडखळत नाही. मी तरी साठ वर्षांत अडखळलो नव्हतो.

अडखळले ते यंत्र. झाले असे की काही वर्षांपूर्वी आमच्या वाड्यावर एक मयत झाले. माणूस जुना, जवळचा. घरच्या मुलाने मराठीत चार ओळी लिहून सगळ्यांना पाठवल्या : कै. अमुक यांचे केरी-पेडणे येथे निधन झाले, अंत्यसंस्कार उद्या सकाळी १०.३० वा. केरी येथे होतील. त्या घरातल्या सुनेचे माहेर भोपाळचे, माणसे हिंदी वाचणारी. त्यांच्यातले दोघे कामानिमित्त पणजीत उतरले होते. त्यांनी तो मजकूर फोनमधल्या एका भाषांतराच्या सोयीत घातला. बाहेर आलेल्या हिंदीत 'केरी से पेडणे तक' असे काहीतरी होते. आता कुणी केरीपासून पेडण्यापर्यंत मरत नाही, हे त्यांनाही कळले. पण मग केरी कुठली? नकाशात शोधले तर पहिली सापडली ती सत्तरीतली. सकाळी साडेदहाला ती माणसे अंजुणे धरणापाशी उभी होती. आमच्या दर्यावर पोचेपर्यंत दुपार टळून गेली होती. सुनेचे वडील त्यात होते. त्यांनी कुणाला काही म्हटले नाही, पडवीवर बसून राहिले.

तो मजकूर मी नंतर दोनतीनदा पाहिला. मराठीत त्यात एकही चूक नव्हती.

त्या वर्षी चवथीला माझा भाचा आला. तो संगणकातला आहे आणि फावल्या वेळात मराठीतून हिंदीत भाषांतर करणारे एक छोटे यंत्र घडवत बसतो. हल्ली बोलबाला आहे तो लाखो वाक्ये वाचून आपोआप शिकणाऱ्या यंत्रांचा. हे तसे नाही. हे जुन्या वळणाचे, नियमांवर चालणारे. शब्दकोश माणसाने लिहायचा, विभक्ती माणसाने सांगायची, 'अमुक दिसले तर तमुक कर' असे नियम एकेक करून माणसाने मांडायचे. आपल्या देशात या वळणाचे काम बरेच झाले आहे. आयआयटी कानपूरला पाणिनीच्या व्याकरणाच्या आधाराने 'अनुसारक' उभे राहिले, त्यात मराठीतून हिंदीची जोडीही होती. पुढे हैदराबादच्या संस्थेच्या पुढाकाराने 'संपर्क' झाले, त्यातही मराठी-हिंदी आहे. तिकडे स्पेनमध्ये आलिकांतच्या विद्यापीठातून २००४-०५ च्या सुमारास 'अपर्टियम' निघाले, स्पॅनिश आणि कातालानसाठी. ते सगळ्यांना खुले आहे. भाचा त्याच धाटणीवर काम करतो.

मी त्याला केरीचा मजकूर दाखवला. त्याने तो वाचला आणि विचारले, "मामा, ही रेघ काय सांगता?"

आणि मला उत्तर देता येईना. म्हणजे मला ठाऊक होते, पण नियम म्हणून सांगता येईना. 'कळते आपोआप' हे उत्तर या यंत्राला चालत नाही. त्याला आपोआप काहीच कळत नाही, हाच त्याचा गुण.

मग त्याने मला ते यंत्र आतून कसे चालते ते दाखवले. मला वाटले होते, शब्द कठीण आणि मोकळी जागा सोपी. निघाले उलटेच. शब्दाचा अर्थ कोशात लिहिता येतो. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेचे काय करायचे? हिंदीत 'घर के सामने' हे तीन शब्द, मध्ये दोन मोकळ्या जागा. मराठीत 'घरासमोर', एकच शब्द. हिंदीतून मराठीत येताना त्या दोन जागा उरतात, त्या ठेवायच्या कुठे? पुसून टाकाव्यात हे उत्तर सोपे वाटते खरे, पण त्या जागेत कधी कधी सामान दडलेले असते. एखादा शब्द ठळक छापायचा असेल तर 'इथून ठळक सुरू', 'इथे संपले' अशा सूचना त्याच फटीत बसलेल्या असतात. अपर्टियममध्ये अशा सूचना आधीच वेचून, चौकोनी कंसात बांधून बाजूला ठेवतात, आणि पुढच्या सगळ्या टप्प्यांना सांगतात की हे गाठोडे उघडू नका, नुसते पोचवा. जागा पुसली आणि गाठोडे हरवले, तर एक शब्द ठळक व्हायचा तो आख्खे पान ठळक होऊन बसते.

उलट दिशेने गेलो तर 'तेरेखोलपर्यंत' याचे 'तेरेखोल तक' करायचे, म्हणजे नसलेली जागा निर्माण करायची. पण 'केरकर' फोडायचा नाही. भाच्याच्या यंत्राच्या कोशात हे आडनाव आधी नव्हते. अनोळखी शब्द दिसला की फोडून पाहायचा असा त्याचा एक नियम होता. त्याने 'केर' सापडवला, 'कर' सापडवला, आणि एका भल्या माणसाला कचरा करायची आज्ञा दिली. (गुजरातीत तर केरी म्हणजे आंबा. ती जोडी त्याने अजून हातात घेतलेली नाही, ते बरे आहे.) कोंकणीत हेच 'तेरेखोल मेरेन' होते आणि 'मेरेन' बहुधा सुटा लिहितात. मराठी-कोंकणी वादावर गोव्यात एवढी शाई सांडली, पण यंत्राच्या दृष्टीने निम्मा फरक या एका मोकळ्या जागेत आहे असे मी म्हटले तर दोन्ही बाजूचे लोक माझ्यावर धावून येतील. असो.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. आपल्या पंचायतीच्या कागदावर वर 'सूचना' असे मथळ्यात लिहितात, पुढे पूर्णविराम नसतो. माणसाला कळते की हा मथळा. यंत्राला वाटते वाक्य चालूच आहे, आणि ते 'सूचना' हा शब्द खालच्या ओळीतल्या 'सर्व'ला नेऊन चिकटवते. त्यावर अपर्टियमवाल्यांनी युक्ती केली आहे. मथळ्याच्या शेवटी ते स्वतःच एक खोटा पूर्णविराम लावतात, त्यावर खूण करून ठेवतात, भाषांतर उरकले की तो आठवणीने काढून घेतात. मांडव घालायचा, कार्य झाले की वासा न् वासा मोजून परत न्यायचा, तशातली गत.

पूर्णविरामाची खरी कटकट वेगळीच आहे. हिंदीत वाक्य उभ्या दंडाने संपते, मराठीत टिंबाने. तेव्हा टिंब दिसले की दंड ओढ, एवढा नियम पुरेल? पुरत नाही. 'कै.' पुढे दंड पडला तर वाक्य तिथेच संपते आणि मेलेल्या माणसाचे नाव पुढच्या वाक्यात एकटे पडते. '१०.३०' मधले टिंब तर टिंबही नव्हे. आणि 'वा.' चे टिंब दुहेरी कामाचे. 'सभा सकाळी १०.३० वा. सभागृहात होईल' इथे ते नुसता संक्षेप दाखवते. 'सभेची वेळ सकाळी १०.३० वा.' इथे तेच टिंब संक्षेपही दाखवते आणि वाक्यही संपवते, कारण आपण दोन टिंबे देत नाही. 'ता.' त्याहून वस्ताद. 'ता. ५' म्हणजे तारीख, 'ता. पेडणे' म्हणजे तालुका. इथे मात्र नियम करता आला : पुढे आकडा असेल तर तारीख, नाव असेल तर तालुका. भाचा खूश झाला. मग मी त्याला 'स्थळ' आणि 'वेळ' दाखवले. त्यांच्यापुढे अपूर्णविराम हवा, पण निम्मे लोक तिथे विसर्ग टाइप करतात. डोळ्याला दोन्ही दोन टिंबेच. यंत्राला मात्र तो विसर्ग म्हणजे शब्दाचाच भाग वाटतो, आणि असा शब्द कोशात नसतो.

आता कुणी म्हणेल, ही सगळी चिन्हे आपली कुठे आहेत? खरे आहे. मोडीत लिहिणारा कारकून आधी पानभर आडवी रेघ ओढायचा आणि तिला अक्षरे टांगत जायचा. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे संपले, याची खूण नाही. १७८८ मध्ये पेडणे महाल पोर्तुगिजांकडे गेला, त्याआधी तो सावंतवाडीकरांकडे होता, आणि त्या राज्याचे कागद याच मोडीत. कागद वाचणाऱ्याला मजकूर आधीच अर्धा ठाऊक असायचा म्हणून चालून जायचे. मराठीला स्वल्पविराम, पूर्णविराम आणले ते मेजर थॉमस कँडीने. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात असलेला हा इंग्रज. 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्याचे छोटेसे पुस्तक १८५० चे. कँडी सरकारचे मराठी भाषांतराचे काम पाहायचा, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्याला एका भाषेतले वाक्य दुसरीत न्यायचे असते त्याला पहिल्यांदा कळते की वाक्य कुठे थांबते ते कुणीतरी सांगायला हवे. भाचा पावणेदोनशे वर्षांनंतर त्याच अडचणीत आहे. फरक एवढाच की कँडीला विचारायला शास्त्रीपंडित होते, भाच्याला मी.

मोकळ्या जागेचा सर्वांत बिलंदर प्रकार अजून सांगितला नाही. एक जागा अशी आहे की जिला रुंदीच नाही. आपण 'दऱ्या' लिहितो, डोंगरातल्या. आणि 'दर्या' लिहितो, समुद्र. पहिल्यात अर्धा र आडवा, य च्या पोटाशी. दुसऱ्यात रफार होऊन डोक्यावर. हल्ली पहिल्यासाठी 'ऱ' हे वेगळे अक्षर वापरता येते. पण युनिकोड नवे होते तेव्हापासून बरेच लोक तो आडवा र दुसऱ्या रीतीने टाइप करत आले : र, मग हलन्त, मग एक न दिसणारे जोडचिन्ह, मग या. हे जोडचिन्ह कागदावर उमटत नाही, पडद्यावर दिसत नाही, पण ते आहे म्हणूनच र आडवा राहतो. आता मजकूर साफ करणारा एखादा उत्साही नियम 'न दिसणारे सगळे फालतू' असे समजून ते काढून टाकतो. काढले की र उडी मारून डोक्यावर बसतो आणि दऱ्यांचा दर्या होतो. भाच्याने मला हे प्रत्यक्ष करून दाखवले. वाक्य मीच दिले होते, सत्तरीतल्या केरीबद्दलचे, की गावाच्या मागे दऱ्या आहेत. हिंदीत उतरले ते असे की गावाच्या मागे समुद्र आहे. सह्याद्रीच्या पायथ्याला समुद्र! दोन केरींमधला फरक काय, असे मला कुणी विचारले असते तर मी हेच सांगितले असते की एकीला दर्या आणि दुसरीला दऱ्या. तो फरक यंत्राच्या पोटात एका अदृश्य चिन्हावर तोललेला असतो हे काही मला ठाऊक नव्हते.

हा नियम भाच्याने पाच मिनिटांत दुरुस्त केला. जोडचिन्ह टाकून देऊ नये. आधी र आणि हलन्त, मागून ते चिन्ह असे दिसले की त्या जागी 'ऱ' आणि हलन्त घालावा, आणि मग पुढे जावे. या जुन्या वळणाच्या यंत्राबद्दल मला आदर वाटू लागला तो इथे. चूक झाली तर ती कुठल्या ओळीत आहे ते सापडते आणि बोट ठेवून बदलता येते. नवी यंत्रे बोलतात फार सफाईने, यात वाद नाही. भाचाही मान्य करतो की त्याच्या यंत्राचे हिंदी त्यांच्यापुढे बोबडे आहे. पण तिथे 'केरी से पेडणे तक' का झाले हे विचारायला दार नाही. त्यांनी जे ढिगाने वाचले त्यात गोव्यातली रेघ कमी आणि बाकीच्या जगातली मार्ग दाखवणारी रेघ जास्त, एवढाच अंदाज बांधता येतो. मुंबई-पुणे, पुणे-नाशिक. बहुसंख्य रेघा धावत्या असतात. आमची बसलेली.

तर ती रेघ. चवथीचे उरलेले दोन दिवस आम्ही मामाभाचे तिच्यामागे होतो. पहिला विचार असा की गोव्यात तालुके बारा. रेघेच्या उजवीकडे या बारांपैकी नाव आले तर 'अमुक तालुक्यातले', नाहीतर 'इथून तिथे'. केरी-तेरेखोल सुटले, तेरेखोल तालुका नव्हे. केरी-सत्तरीही सुटले. ते तर फारच चांगले सुटले, कारण सत्तरी नावाचे गाव किंवा शहर कुठे नाहीच, तालुक्याचे ठाणे वाळपई. सत्तरीला जाणारी बस असते ती वाळपईची. बार्देशचे तसेच, तिसवाडीचे तसेच, सासष्टीचे तसेच. ही नावे बसच्या पाटीवर चढत नाहीत, म्हणून त्यांच्यापुढची रेघ कधी धावत नाही. पण पेडणे? पेडणे हा तालुकाही आहे आणि बाजारपेठेचे गावही. फोंडा तसाच, डिचोली तशीच, काणकोणही. आमच्याच केरीच्या नशिबी नेमके पेडणे आले. सत्तरीच्या केरीला भाषांतरात कुणी हरवणार नाही, आम्हाला हरवणार.

मग पुढचा शब्द बघायचे ठरले. 'केरी-पेडणे येथे', 'केरी-पेडणे येथील' असे असेल तर बसलेली रेघ. 'केरी-पेडणे रस्ता', 'केरी-पेडणे बस' असे असेल तर धावती. भाच्याने चार ओळींत नियम लिहिला, मी त्या मयताच्या मजकुराची पहिली ओळ त्यात घालायला सांगितली. हिंदीत आले : पेडणे के केरी में. व्याकरण ओबडधोबड असेल, पण गाव बरोबर होते. तो मजकूर मी भोपाळला पाठवला नाही. कशाला पाठवायचा?

रेघेच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडली तर? 'केरी - पेडणे'. गोव्यातले काही लोक असेही लिहितात, आणि त्यात त्यांच्या मनात काही भेद असतो असे मला दिसत नाही. हाताला जसे आले तसे. इथे भाच्याने एक सूचना केली, जी मला पटली नाही. तो म्हणाला, आपण लोकांना सांगू या, गाव-तालुका लिहायचे तर जागा सोडू नका, मार्ग लिहायचा तर सोडा, म्हणजे यंत्राला सोपे. मी म्हटले, बाबा, ज्याच्या घरात माणूस गेलेय तो रात्री बारा वाजता फोनवर चार ओळी लिहितो, त्याने तुझ्या यंत्रासाठी जागा मोजत बसायचे? यंत्राने त्याचे हात ओळखावेत. भाषेचे बोन्साय करून कुंडीत बसवायचे असेल तर मला त्यात रस नाही. तो हसला आणि दोन्ही प्रकार नियमात घातले. थोडे काम वाढले त्याचे.

हे सगळे गोव्याबाहेरच्या कुणाला लिहून ठेवायचे सुचणार नाही, त्यांनी का लिहावे? कानपूर-हैदराबादच्या विद्वानांनी मराठीची विभक्ती नीट बसवली, तेवढे त्यांचे उपकार. आमच्या वर्तमानपत्रांची, पंचायतीच्या सूचनांची, निधनवार्तांची रेघ ही आमच्याच कुणीतरी कागदावर मांडायची गोष्ट आहे. गोव्यात मराठीचे प्राध्यापक काही थोडे नाहीत. शुद्धलेखनावर भांडणाऱ्यांचीही कमी नाही. ऱ्हस्व-दीर्घावर ते तासभर बोलतील, पण कुणाला ही रेघ दिसल्याचे माझ्या तरी वाचनात आलेले नाही. मलाही ती दिसली ती एक म्हातारा माणूस धरणापाशी जाऊन पोचला तेव्हा.

नियम अजून पुरा नाही. भाचा परत गेल्यावर त्याचा फोन आला होता. 'केरी-पेडणे बस' धावती, हे ठीक. पण 'केरी-पेडणे बसथांबा' लिहिला तर? बसचा शब्द आहे म्हणून रेघ धावती धरायची, की थांबा एका जागी असतो म्हणून बसलेली? मी त्याला सांगितले, थांबा आमच्याच गावातला. मग दोन दिवसांनी त्याने विचारले, आणि 'केरी-पेडणे बससेवा'? आणि 'केरी-पेडणे-म्हापसा'? त्यातली पहिली रेघ कुठली आणि दुसरी कुठली? ही पाटी केरीहून पेडण्यावरून म्हापशाला जाणाऱ्या गाडीची असू शकते, नाहीतर पेडण्याच्या केरीहून थेट म्हापशाला जाणाऱ्या गाडीची. मी म्हटले, कंडक्टरला विचारून सांगतो.